उजवा हात, बाळा

गणपतीतली गोष्ट. आमच्या सोसायटीत तिसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आरतीला तीर्थप्रसाद द्यायची पाळी आमच्या मजल्याची होती, म्हणजे मी आणि समोरच्या वहिनी. वहिनी खिरापत वाटत होत्या, मी पंचपात्र आणि पळी घेऊन उभी. आरती नुकतीच संपलेली, कापराचा धूर अजून खाली बसायचा होता, दोन दिवसांच्या झेंडूच्या हारांना तो ओलसर कडवट वास येत होता, पोरं एकमेकांना ढकलत पुढे येत होती आणि मी चेहरे न बघताच एकेका तळहातावर पळी रिकामी करत होते. तेवढ्यात एक लहानसा हात पुढे आला, नखांवर अर्धवट उडालेलं गुलाबी नेलपॉलिश, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "उजवा हात, बाळा." पाचेक वर्षांची मुलगी असेल, बी विंगमधली. तिने वर बघितलं, दचकली नाही की रुसली नाही, खालचा हात वर घेतला आणि वरचा खाली. रोजचं असल्यासारखं. तीर्थ तिच्या उजव्या हातावर पडलं, पण त्या हाताची तिला नीट ओंजळ करता येत नव्हती, बोटांच्या फटींतून निम्मं फरशीवर गेलं, उरलेलं तिने पिऊन टाकलं, ओला हात डोक्यावरून फिरवला आणि खिरापतीकडे पळाली.

मी स्वतः डावरी आहे.

त्या रात्री झोप लागेना. काही मोठं झालं नव्हतं, त्या मुलीच्या तर ते लक्षातही नसणार. पण मला राहून राहून तेच दिसत होतं, तिने किती सहज हात बदलला ते. म्हणजे तिला आधी कुणीतरी सांगितलंय, खूपदा सांगितलंय, घरी, बालवाडीत, देवळात, आणि आता त्या माणसांत मी पण. चाळीस वर्षं डाव्या हाताने लिहिणारी, भाजी चिरणारी, दात घासणारी, केस विंचरणारी बाई मी, आणि मीच सांगितलं. आणि नंतर हेही आठवलं की पळी मी उजव्या हातात धरली होती. देवाचं काम आलं की माझा डावा हात आपोआप मागे जातो, मला ते ठरवावं लागत नाही. समोर जी मूर्ती होती तिची सोंड डावीकडे वळलेली. घराघरात बहुतेक मूर्ती डाव्या सोंडेच्याच असतात ना, उजव्या सोंडेचा गणपती कडक, त्याचं सोवळं-ओवळं फार, तो घरी झेपत नाही असं आपण लहानपणापासून ऐकतो. प्रभादेवीचा सिद्धिविनायक उजव्या सोंडेचा, अष्टविनायकांत एकटा सिद्धटेकचा. घरी आणून लाड करायला आपल्याला डावीकडे वळलेलाच देव हवा असतो, शांत, सांभाळून घेणारा. आणि त्याच्यापुढे हात मात्र उजवाच करायचा.

"उजवा हात, बाळा" हे शब्द माझ्या आजीचे. अगदी "बाळा"सकट.

आमचं घर मिरजेत. आजी, आईबाबा, काका-काकू, आम्ही चार भावंडं. जेवायला खाली बसायचो, ओळीने, आणि माझी जागा आजीच्या शेजारी ठरलेली कारण माझ्या हातावर लक्ष ठेवायला लागायचं. घास घ्यायला माझा डावा हात पुढे जायचा, आजी हलकेच तो मागे करायची. एकदा, दोनदा, दहादा. मग तिने तिच्या जुन्या नऊवारीची एक चिंधी काढून ठेवली, पानावर बसलं की ती माझ्या डाव्या मनगटाला बांधायची आणि दुसरं टोक स्वतःच्या मांडीखाली दाबून ठेवायची. आजीने मला कधी मारलं नाही, हे मुद्दाम लिहितेय, कारण माझ्या ओळखीत अशा दोघीजणी आहेत ज्यांच्या डाव्या हातावर पट्टीचे वळ उठायचे आणि एकीला तर चटका दिलेला. माझ्या वाट्याला आली ती मऊ चिंधी. शंभर धुण्यांत झिजलेलं सुती लुगडं, त्याला आजीच्या ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांचा आणि फोडणीचा मिळून एक वास होता, आणि जेवण झालं की ती गाठ सोडून आजी तिथे खोबरेल चोळायची, वळ नसला तरी. त्यामुळे मला त्या चिंधीचा धड रागही करता येत नाही. आजही कुणी माझं डावं मनगट धरलं तर मला आधी आजीची माया आठवते आणि मग एकदम गुदमरल्यासारखं होतं, दोन्ही एकाच जागी, एकाच्या आत एक.

तिची कारणं तिच्या परीने खरी होती. डावा हात धुवायचा, उजवा जेवायचा, यात वाद घालण्यासारखं तिला काही दिसतच नव्हतं. पुन्हा मुलीची जात, उद्या सासरी पंगतीत डाव्या हाताने जेवायला लागली तर घराण्याला नावं ठेवतील. आणि हे मला कसं लागलं याबद्दल तिचं एक पक्कं मत होतं, की आईने मला चुकीच्या कडेवर घेतलं. मुलाला ज्या बाजूला घ्याल त्यावर त्याचा कुठला हात मोकळा राहतो ते ठरतं, आईने मला नेहमी भलत्या कडेवर घेतलं म्हणून माझा डावा मोकळा राहिला आणि तोच चालायला लागला. आई हे ऐकून घ्यायची. मला वाटतं तिला ते कुठेतरी पटलंही होतं, कारण माझ्या धाकट्या भावाला तिने कधी त्या कडेवर घेतलेलं मला आठवत नाही.

पहिलीत गेल्यावर लिहिण्याचा प्रश्न आला तेव्हा बाबा मधे पडले. बाबा फार बोलणारे नव्हते, पण कुठल्याशा वाचनात त्यांना सापडलं होतं की १९०९ साली लंडनहून दक्षिण आफ्रिकेला जाताना गांधीजींनी बोटीवर 'हिंद स्वराज्य' लिहिलं, उजवा हात दुखायला लागला की डाव्या हाताने लिहायचे, आणि हस्तलिखिताच्या २७५ पानांपैकी ४० पानं डाव्या हाताची आहेत. आजीच्या देवघरात गांधींचा फोटो होता. बाबांनी जेवताना हे सांगितलं, आजी जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "ते दमल्यावर. ही न दमताच." तरी तह झाला. लिहायचं डाव्याने, जेवायचं उजव्याने, आणि देवाचं, दिल्याघेतल्याचं, मोठ्यांच्या हातात काही द्यायचं ते सगळं उजव्याने. माझे दोन हात त्या दिवशी घरातल्या माणसांनी वाटून घेतले. डावा बाबांच्या बाजूला गेला, उजवा आजीच्या. मला त्या वेळी सुटल्यासारखं वाटलं होतं, कारण चिंधी सुटली, आणि उजव्याने जेवायला मी तोवर शिकलेच होते.

लिहायला परवानगी मिळाली तरी लिहिणं सोपं थोडंच होतं. आपली देवनागरी डावीकडून उजवीकडे जाते, म्हणजे उजव्या हाताचा माणूस लिहून पुढे सरकतो आणि डाव्याचा हात आत्ताच लिहिलेल्या ओल्या अक्षरांवरून घसटत जातो. पेन्सिलीचे दिवस बरे होते, फक्त करंगळीखालची तळहाताची कड शिशाने चकचकीत राखाडी व्हायची. पाचवीत शाईचं पेन आलं आणि वाटोळं झालं. उजव्या हाताने पेन ओढलं जातं, डाव्याने ते ढकलावं लागतं, निब कागदात रुतायची, शाई उडायची, आणि शिरोरेघ तर माझी वैरीण, कारण शब्द पुरा करून वरून डावीकडून उजवीकडे रेघ मारायची म्हणजे खालची सगळी अक्षरं हाताखाली चिरडायची. मी रेघ उजवीकडून डावीकडे मारायला लागले. दिसायला तीच रेघ, पण बाईंनी बघितलं आणि सगळ्या वर्गासमोर पान फाडलं, रेघ उलटी मारतात का म्हणून. उलटी म्हणजे काय हे मला तेव्हा कळलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर अजूनही कळलेलं नाही, कागदावर तर ती सरळच होती. आई मग हाताखाली टीपकागद ठेवून द्यायची. शुद्धलेखनाच्या वह्या अजून आहेत माझ्याकडे, प्रत्येक पानावर अक्षरांना निळी शेपटी फुटलेली, सगळ्या एकाच दिशेला.

आणि आपली भाषा. ती तर मी डाव्या हाताने लिहिते आणि तीच मला सांगत असते की तू कुठे बसतेस. चांगलं ते उजवं, विश्वासाचा माणूस उजवा हात, मुलीचं लग्न करून दिलं की ती उजवली. दुर्लक्ष केलं तर डावललं. आईचं माहेर कोकणात, तिथे मे महिन्यात ग्रामदेवतेला कौल लावायचे. गुरव मूर्तीला फुलं-पानं लावायचा, गाऱ्हाणं घालायचा, आणि सगळं देऊळ श्वास धरून बघत राहायचं, उजवं फूल पडलं की सगळे सुटकेचा श्वास टाकायचे, काम होणार. डावं पडलं की चेहरे उतरायचे. मी सात-आठ वर्षांची, खांबाला टेकून बसलेली, आणि डावं फूल पडलं की मला वाटायचं माझंच काहीतरी चुकलं. हां, बायकांचा डावा डोळा लवला की शुभ म्हणतात. ते मला आजीनेच सांगितलं होतं, आणि माझा डोळा लवला की मी मुद्दाम तिला जाऊन सांगायचे, तेवढीच एक डावी गोष्ट जिच्यावर ती हसायची.

अजून एक होती. दिवाळीत करंज्या करताना आम्ही सगळ्या गोल बसायचो, मला मुरड घालायला फार आवडायचं. उजव्या हाताची मुरड एका बाजूला कलते, माझी दुसऱ्या बाजूला. तळून डब्यात भरल्या तरी माझ्या करंज्या ओळखू यायच्या. काकू म्हणायची, हिच्या करंज्या पाहुण्यांना देऊ नका, ताटात बऱ्या दिसत नाहीत. आजी मात्र दुपारच्या चहाला डबा उघडून शोधून शोधून माझीच करंजी घ्यायची. कधी काही बोलली नाही त्यावर. मी बघायचे फक्त.

मिरजेत राहिलो म्हणून एक गोष्ट मिळाली, सतार. आमच्या गावात सतारमेकर गल्ली आहे, पिढ्यानपिढ्या सतारी आणि तानपुरे घडवणारी घरं, दारात पंढरपूरकडून आलेले मोठाले भोपळे वाळत पडलेले, आत लाकूड तासल्याचा आणि पॉलिशचा वास. आता २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय मानांकन पण मिळालं. बारा वर्षांची असताना बाबा मला तिथे घेऊन गेले आणि विचारलं, डाव्या हाताची सतार मिळते का. सतार घडवणारे चाचा हातातलं काम ठेवून विचार करत बसले. म्हणाले, करून देतो, पण नुसती उलटी धरून भागत नाही, तारांचा क्रम, खुंट्या, तरफा म्हणजे खालच्या गुंजणाऱ्या तारा, सगळं आरशात बघितल्यासारखं करायला लागतं, दहा नेहमीच्या सतारींपेक्षा ती एक जास्त कठीण. आणि मग बाबांना नाही, मला विचारलं, "पण बेटा, शिकवणार कोण तुला? समोर बसून बघशील त्याचा हात दुसरा असेल." मी नेहमीचीच सतार घेतली. पहिल्या दिवशी गुरुजींना घाबरत घाबरत सांगितलं की मी डावरी आहे. त्यांनी माझ्या उजव्या तर्जनीत नखी चढवली, मग डावा हात धरून दांडीवर ठेवला आणि पडद्यावर, म्हणजे दांडीवरच्या आडव्या पट्टीवर, तार दाबून बाजूला ओढायला लावली. स्वर वर चढत गेला, सा वरून रे, रे वरून ग, एकाच पडद्यावर, तुटला नाही. म्हणाले, उजवा हात नुसता ठोका देतो, गातो तो हा. मींड याच हातात आहे. माझ्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझा डावा हात पुढे आणून ठेवला होता आणि तो तिथेच राहू दिला होता. पुढे त्या बोटाला चीर पडली, घट्टा आला, रात्री तेल लावून झोपायचे. कॉलेज सुटलं तशी सतार सुटली, पण घट्ट्याची जागा अजून जराशी कडक लागते, ऑफिसमध्ये मीटिंग चालू असली की मी अंगठ्याने ती चाचपत असते.

गुरुजी सांगत होते ते मोठेपणी दुसरीकडे दिसलं, क्रिकेटमध्ये. तिथे डावखुरा हवा असतो. सौरव गांगुली बाकी सगळं उजव्या हाताने करतो, बॅटिंग तेवढी डावी. आमच्या शेजारच्या सांगलीची स्मृती मानधना, ती पण मुळात उजव्या हाताची, भावाचं बघून डावी बॅटिंग करायला लागली. आणि सचिन उलटा, बॅट उजवी, सही डाव्या हाताने. टीव्हीवर पहिल्यांदा त्याला ऑटोग्राफ देताना बघितलं ना तेव्हा मी उठून टीव्हीजवळ गेले होते, नीट बघायला. मनगट तसंच वाकडं, माझ्यासारखं, शाई पुसू नये म्हणून. मैदानावर जो हात लोक मुद्दाम शिकून घेतात तोच ताटावर आला की बांधून ठेवतात, हे माझ्या मनात कधी जुळलंच नाही.

बाकी रोजचं काय, ते चालूच असतं. क्लासमध्ये लिहायची फळी जोडलेल्या खुर्च्या, फळी उजवीकडे, तीन तास अंग पिळून लिहायचं आणि घरी आल्यावर मान धरायची. शिवणाच्या तासाला कात्री. कात्रीचं लोकांना सांगून पटत नाही, त्यांना वाटतं कात्री ती कात्री, पण उजव्या हाताच्या कात्रीची पाती अशी बसवलेली असतात की उजवा अंगठा दाबला की ती एकमेकांना घासतात, डाव्या हातात तीच पाती एकमेकांपासून फाकतात, कापड कापलं न जाता मधे दुमडून बसतं, आणि जिथे कापायचं ती रेघ पात्याच्या मागे लपते. मला शिवणात नेहमी काठावर मार्क. चाळिसाव्या वाढदिवसाला नवऱ्याने ऑनलाइन शोधून डावखुरी कात्री मागवली, मी जुन्या ओढणीवर चालवली आणि पहिल्यांदा वाकडंच कापलं गेलं कारण इतकी वर्षं पाती जवळ आणायला अंगठा वेगळाच ओढायची सवय झालेली, मग हळूहळू हात सैल सोडला तशी ती कर्रकर्र करत सरळ गेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि रेघ सगळा वेळ डोळ्यासमोर होती. मी तशीच पलंगावर बसून राहिले ओढणीचे दोन तुकडे घेऊन. शिवणाच्या बाई आठवल्या, "हातात कला नाही" म्हणायच्या. मेट्रोच्या गेटवर कार्ड टेकवायची जागा उजवीकडे, मी डावा हात पोटावरून आडवा नेते, मागच्याला कळत नाही ही बाई कुठल्या गेटमधून चाललीय. गाडीचा गिअर मात्र आपल्याकडे डाव्या हाताला, गाडी शिकताना मी पहिल्या दिवसापासून गिअरला अडखळले नाही. आणि मतदान. शाई लावतात ती डाव्या तर्जनीला, म्हणजे माझ्या लिहिण्याच्या बोटाला, पुढचे कितीतरी आठवडे लिहिताना ती काळी खूण कागदावर माझ्यापुढे चालत असते, मला ते फार आवडतं. विळी पण आवडते. विळीला डावं-उजवं नाही, पाय कुठला दाबायचा ते तुमचं तुम्ही ठरवा, आईने मला विळीवर कधी अडवलं नाही.

पण हे सगळं बाहेरचं. वस्तूंशी जमवून घेता येतं.

पुण्यात होस्टेलवर असताना एका रविवारी मेस बंद होती. रूममेट गावाला गेलेली. मी स्टोव्हवर वरणभात केला, वर तूप, कडेला लिंबाची फोड, आणि ताट घेऊन बसले तेव्हा मनात आलं की आता इथे कुणी नाही. दाराला कडी घातली. डावा हात धुतला, दोनदा धुतला, आणि भातात घातला. मला वाटलं होतं की घरी आल्यासारखं वाटेल. इतकी वर्षं ज्याला थांबवून ठेवलं तो हात आता आपला आपण जेवेल. आणि त्याला जेवता येईना. बोटं कशी जुळवायची ते त्याला माहीत नव्हतं, भात कालवला जाईना, घास उचलला की मनगटावरून वरण ओघळायचं, अंगठ्याने घास तोंडात लोटायचा असतो ते तो करतच नव्हता, शितं मांडीवर, ओढणीवर. सुईत दोरा ओवणारा, मींड काढणारा, रांगोळीचे ठिपके जोडणारा माझा हात दोन वर्षांच्या मुलासारखा जेवत होता. चार घास कसेबसे खाल्ले. मग उजव्या हाताने उरलेलं जेवले, पटकन, नीट, आजीने शिकवलं तसं, एक शीत न सांडता.

कडी उघडायला मला बराच वेळ लागला.

आजीला हे मी कधी सांगितलं नाही. सांगणार होते, भांडणार होते, वाक्यंसुद्धा तयार होती. पण २००३ च्या पावसाळ्यात तिची उजवी बाजू गेली. डॉक्टर म्हणाले मेंदूत डाव्या बाजूला झालंय, म्हणून उजवं अंग लुळं पडलं आणि बोलणंही अडखळलं. मी सुट्टी काढून मिरजेला गेले. फिजिओथेरपीवाल्या बाई येऊन सांगून गेल्या की डाव्या हातात चमचा द्या, सवय लावा, निदान स्वतःचं स्वतः खातील. आजी चमचा धरायचीच नाही. मी मऊ भात कालवला, डाव्या हातात चमचा घेतला, कारण चमचा माझ्या त्याच हातात नीट राहतो, आणि तिच्या ओठांपाशी नेला. तिने ओठ घट्ट मिटले. माझ्या हाताकडे बघत राहिली. मी समजावलं, तोंड वाकडं करून हसवायचा प्रयत्न केला, काही नाही. शेवटी चमचा उजव्या हातात घेतला आणि तिने तोंड उघडलं. राग आला का, तर आला, खूप आला, आणि मी त्या रागात तिला सगळा भात भरवला, तोंड पुसलं, पाणी पाजलं, उजव्या हाताने.

मग एका दुपारी, सगळे झोपलेले, मी पाणी प्यायला उठले तर ती पलंगावर टेकून बसलेली. बाजूच्या वाटीत कुणीतरी राजगिऱ्याचा लाडू ठेवला होता आणि आजी डाव्या हाताने तो उचलायला बघत होती. बोटं जुळत नव्हती, लाडू चुरत होता, दाणे गोधडीभर. मी दारात आहे हे तिला दिसलं आणि तिने झटकन हात गोधडीखाली घेतला. तो लपवायचा प्रकार मला इतका ओळखीचा होता, मीही अगदी तसाच घ्यायचे, ताटावरून मांडीखाली, एका क्षणात. मी जवळ जाऊन बसले, काही बोलले नाही, गोधडीखालून तिचा हात बाहेर काढला, तळवा उघडला आणि लाडवाचा चुरा त्यावर ठेवला. तिने तो तोंडाकडे नेला. निम्मा सांडला. माझ्याकडे न बघता तिने खाल्ला. त्यानंतर मी होते तेवढे दिवस दुपारी आमचं हे चालायचं, बत्तासा, केळ्याचा तुकडा, एकदा साय. आई किंवा काकू आली की हात गोधडीत. दिवाळीच्या आधी ती गेली. त्या वर्षी आमच्याकडे करंज्या झाल्या नाहीत.

२००५ मध्ये बेलफास्टच्या संशोधकांनी एक निष्कर्ष छापला, मी तो बऱ्याच उशिरा वाचला. त्यांनी सोनोग्राफीत अंगठा चोखताना दिसलेली ७५ बाळं दहा-बारा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली. उजवा अंगठा चोखणारी ६० होती, ती सगळीच्या सगळी उजव्या हाताची निघाली. डावा चोखणारी १५, त्यातली १० डावखुरी झाली. कडेवर घ्यायच्या कितीतरी आधीच. पुढे २०१९ मध्ये ऑक्सफर्डच्या लोकांनी चारेक लाख माणसांची जनुकं तपासून डावखुरेपणाशी जोडलेल्या चार जागा शोधल्या, त्यातल्या काही मेंदू घडत असतानाच काम करणाऱ्या. जगात दहातला साधारण एक माणूस असा, आणि गुहांच्या भिंतींवर उमटवलेले हाताचे ठसे बघितले तरी डावखुरे तेव्हाही होतेच. मी हे वाचून आधी आईला फोन केला. म्हटलं, आई, कडेचा काही संबंध नव्हता. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्यांना सांगायला हवं होतं गं." त्यांना म्हणजे आजीला. आई सत्तरीच्या पुढे आहे, इतकी वर्षं तिने ते मनात ठेवलं होतं हे मला तेव्हा कळलं.

अनंत चतुर्दशीला सकाळच्या आरतीला मी पुन्हा तीर्थ द्यायला उभी राहिले, पाळी नसताना मागून घेतली. पळी डाव्या हातात घ्यायची असं ठरवून गेले होते. खरंच घेतली पण, आणि पंचपात्रात बुडवली, आणि पहिल्या हातापर्यंत नेईपर्यंत माझा हात थरथरायला लागला, समोरच्या वहिनी बघत होत्या, मी पळी बदलली. ते मला अजून जमत नाही. मग ती मुलगी आली. आज मागे तिची आजी होती, खांद्याला धरून. डावा हात वर, उजवा खाली, पण हात पुढे करताना तिने आधी माझ्या तोंडाकडे बघितलं. मागून आजी म्हणाल्या, "उजवा गं राणी, उजवा." मी म्हटलं, "असू दे काकू," आणि पळी तिच्या डाव्या हातावर ओतली. छान खोलगट ओंजळ होती, एक थेंब खाली गेला नाही. काकू काही म्हणाल्या नाहीत, बऱ्याही वाटल्या नसाव्यात. ती तीर्थ पिऊन तिथेच उभी राहिली आणि तिने विचारलं, "तू कुठल्या हाताने लिहितेस?" मी पंचपात्र खाली ठेवलं, डावा हात दाखवला. तिने तो धरून उलटा केला, करंगळीच्या खाली कडेला बघितलं, सकाळीच भाजीवाल्याचा हिशोब लिहिताना पेनाची निळी शाई लागली होती तिथे. मग स्वतःचा हात माझ्या हाताशेजारी धरला. करंगळीपासून मनगटापर्यंतची सगळी कड जांभळ्या खडूने माखलेली होती.